उपकारस्तुती : एका शब्दाचा आणि एका आयुष्याचा इतिहास

मराठीत कृतज्ञता व्यक्त करणारे शब्द थोडे नाहीत. परंतु त्यांतील बहुतेकांच्या पोटात कसले ना कसले ओझे दडलेले आहे. ‘आभार’ या शब्दात भार तर उघडच दिसतो. ‘ऋण’ म्हटले की फेड आली, आणि फेड म्हटली की मुदत आली. ‘उतराई होणे’ या वाक्प्रचारात त्या ऋणातून एकदाचे पार पडण्याची इच्छा आहे. ‘उपकार’ हा शब्द मुळात निर्मळ; पण लोकव्यवहारात माणूस उपकाराखाली दबतो, कोणाचे उपकार नकोत असे म्हणतो, आणि ज्याने ते घेतले त्याला फारसी ‘शर्मिंदा’शी नाते सांगणारा ‘मिंधा’ हा शब्द लावला जातो. संस्कृतातील ‘कृतज्ञ’ तेवढा या ओझ्यातून सुटलेला दिसतो. जे केले गेले ते जाणणारा, एवढाच त्याचा अर्थ.

अशा या शब्दसृष्टीत ख्रिस्ती मराठीने ‘उपकारस्तुती’ हा जोडशब्द रूढ केला. बायबलच्या मराठी भाषांतरांतून तो प्रार्थनेत आला, प्रार्थनेतून उपदेशात आला आणि मराठी ख्रिस्ती घरांतून नित्याच्या बोलण्यात स्थिरावला. ज्या उपकाराने मान खाली जाते त्याचीच स्तुती कशी करावयाची, हा प्रश्न या शब्दापाशी सहज उभा राहतो. त्यातही ही स्तुती सुखाच्या दिवसांपुरती मर्यादित नसून सर्व स्थितीत करावयाची आहे, अशी ख्रिस्ती धर्माची आज्ञा आहे. दुष्काळात, सुतकात, अपमानात या आज्ञेचा अर्थ काय होतो? तिने माणूस सोशिक आणि मुका होतो, की ताठ उभा राहतो? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) आयुष्याइतके स्पष्ट उदाहरण मराठीत दुसरे आढळत नाही. मात्र त्याकडे वळण्यापूर्वी त्या आज्ञेचे मूळ आणि तिचा मराठीतील प्रवेश थोडक्यात पाहिला पाहिजे.

ही आज्ञा संत पौलाची. इसवी सन ५० च्या सुमारास मासेदोनियातील थेस्सलनीका नगरातील नव्या मंडळीला त्याने जे पहिले पत्र लिहिले, त्याच्या शेवटी तीन अगदी लहान आज्ञा एकापाठोपाठ येतात : सदा आनंद करावा, निरंतर प्रार्थना करावी आणि प्रत्येक स्थितीत देवाचे उपकार मानावेत. पत्र ज्यांना लिहिले ते लोक सुस्थितीत नव्हते. आपल्याच नगरवासीयांकडून त्यांचा छळ चालला होता. लिहिणाराही सुखात नव्हता. फिलिप्पै येथे फटके खाऊन व तुरुंगवास भोगूनच तो थेस्सलनीकेस आला होता. तेव्हा ही आज्ञा भरल्या पोटी केलेला उपदेश नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरी गोष्ट भाषेची. मूळ ग्रीकमधील उपकार मानण्याचे क्रियापद ‘खारिस’ म्हणजे कृपा या शब्दापासून निघाले आहे. ख्रिस्ती उपासनेतील भाकर आणि द्राक्षारस यांच्या पवित्र विधीला पाश्चात्त्य भाषांत जे प्राचीन नाव आहे, तेही याच शब्दापासून आलेले. वधस्तंभावरील मृत्यूच्या आदल्या रात्री येशूने भाकर हाती घेऊन देवाचे उपकार मानले, असे शुभवर्तमाने सांगतात. त्या घटनेची आठवण म्हणून तो विधी. म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या गाभ्यातील उपासनेचे नावच कृतज्ञता, आणि ती कृतज्ञता जिवावर बेतलेल्या रात्रीची. शिवाय थेस्सलनीकेच्या पत्रातील ग्रीक शब्दयोजना ‘प्रत्येक गोष्टीत’ अशी आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ‘सर्व गोष्टींबद्दल’ असा प्रयोगही येतो, आणि भाष्यकारांना अडचण पडते ती तेथे. अन्यायाबद्दलही देवाचे उपकार मानावयाचे काय? मराठी भाषांतरकारांनी थेस्सलनीकेच्या वचनात सप्तमी विभक्ती योजून मुळातला भेद जपला. स्थिती हे कृतज्ञतेचे स्थान आहे, कारण असेलच असे नाही.

या भाषांतरांचा इतिहास मोठा आहे. श्रीरामपूर येथे विल्यम केरी व पंडित वैजनाथ यांच्या परिश्रमाने १८११ मध्ये नवा करार मराठीत आला. अमेरिकन मिशनने १८४७ मध्ये मुंबईत संपूर्ण बायबल छापले. त्यानंतर संशोधने होत राहिली. या ख्रिस्ती मराठीला एतद्देशीय वळण देणाऱ्यांत बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी प्रमुख होत. त्यांच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) विधवांच्या दुःखाचे वर्णन आहे, आणि ते दुःख मुकाट्याने सोसावे असा उपदेश त्यात नाही, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने नोंदण्यासारखी आहे.

परंतु ख्रिस्ती मराठीचा आरंभ यापूर्वी दोन शतके गोव्यात झाला होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात मराठी भाषेचा जो गौरव आहे, तो आपण सर्वजण आनंदाने आठवतो. मात्र ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग आपण तितक्या वेळा आठवत नाही. नवख्रिस्ती श्रोते पाद्रीला विचारतात की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही? साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. त्या प्रश्नामागे हे सारे उभे आहे. ज्यांचे हिरावून घेतले त्यांच्याच हाती नवे दान ठेवून त्यांच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणे, हा सत्तेचा जुना व्यवहार आहे. स्टीफन्सचे मोठेपण हे की, त्याने तो प्रश्न लपविला नाही. ग्रंथाच्या दाराशीच ठेवला.

गोव्यातील ख्रिस्ती कृतज्ञतेचे एक सुंदर रूप आजही पाहावयास मिळते. साष्टीतील राय या गावी आणि अन्यत्रही ऑगस्टमध्ये ‘कणसांचे फेस्त’ होते. नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद दिला जातो. हिंदू घरांतील नव्याच्या पूजेशी त्याचे नाते कोणाच्याही ध्यानात येईल. पीक हाती आल्यावर देवाची आठवण ठेवणे हा सर्व शेतकरी समाजांचा धर्म आहे. त्यासाठी पौलाच्या आज्ञेची गरज नाही. त्या आज्ञेची कसोटी लागते ती कणीस भरले नाही त्या वर्षी. रमाबाईंचे आयुष्य अशाच वर्षांनी घडलेले आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यातल्या आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, म्हणून धर्मपीठांपुढे त्यांना उत्तर द्यावे लागले. पुढे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण असे तिघे गेले. आईच्या प्रेताला खांदा द्यावयास माणसे मिळेनात; दोघे ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. उंची कमी पडली म्हणून त्यांना तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. त्यानंतर बहीणभाऊ पायी उत्तरेकडे गेले. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. हे सर्व रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोचली; तेथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ व पती यांची पाच प्रेते पाहिलेल्या स्त्रीला देवाचे उपकार मानावयास सांगणे ही क्रूर थट्टा वाटावी. त्या वेळी तिला तसे कोणी सांगितलेही नाही, आणि तिने ते मानलेही नाहीत. दुष्काळाच्या काळात देवतांची केलेली सारी आराधना व्यर्थ गेली, हीच तिची तेव्हाची धारणा होती.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथून पुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला, मनोरमेला सांभाळले, शिक्षणाची सोय केली. सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. उपकार खरे होते आणि रमाबाईंनी ते कधी नाकारले नाहीत. परंतु उपकारामागून अपेक्षा आली. धर्ममताच्या बाबतीत त्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांचा शब्द प्रमाण मानावा असे वाँटेजकरांस वाटू लागले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी इंग्रज तरुणांना हिंदी भाषा शिकवाव्यात अशी कल्पना निघाली, तेव्हा स्त्रीने पुरुषांना शिकविणे अनुचित म्हणून बिशपांनी हरकत घेतली. १८८५ मधील पत्रांत रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्तापासून बिशपांच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्टीवर वाद घालतात. हिंदुस्थानातील पुरोहितांचे जू आपण कष्टाने मानेवरून उतरविले. तसलेच दुसरे जू देवाच्या नावाने पुन्हा मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. तो वाचताना दोन्ही बाजूंची वेदना जाणवते. जेराल्डीनना हे वर्तन अहंकाराचे वाटले. रमाबाईंच्या मते मात्र देवाने दिलेली विवेकबुद्धी हेच दान होते, आणि ते दुसऱ्याच्या हवाली करणे हीच कृतघ्नता.

येथे ‘मिंधेपणा’ आणि ‘उपकारस्तुती’ हे दोन मार्ग स्पष्ट फुटतात. माणसाचे उपकार मानताना मान झुकते, कारण देणाऱ्याला परतफेड हवी असते. ती पैशाची नसली तरी आज्ञाधारकतेची असते. जे काही आहे ते सर्व मुळात देवाचे, अशी श्रद्धा एकदा पक्की झाली की मधल्या दात्यांचे प्रेम मानता येते, पण त्यांची मालकी मानण्याचे कारण उरत नाही. देवाविषयीच्या कृतज्ञतेने रमाबाईंना माणसांच्या मिंधेपणातून सोडविले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

या वृत्तीची कसोटी पुढेही लागत गेली. १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरविले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले; पुढील वर्षी ते पुण्यास गेले. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून वादळ उठले, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाईंनी आपली श्रद्धा लपविली नाही. त्याबरोबरच परकी मदत कायमची नाही हे ओळखून त्यांनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळबाग धरली. देवावर भार टाकणारी ही बाई शेतीचा हिशेब दक्षतेने पाहत असे. तिच्या कृतज्ञतेत आळसाला जागा नव्हती.

मग १८९६–९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातील अन्नान्न झालेल्या मुलींच्या वार्ता ऐकताच रमाबाईंना आपले स्वतःचे वर्ष आठवले, आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. त्यामुळे त्यांना केडगावच्या मोकळ्या रानात तंबूंत ठेवावे लागले. तेच ‘मुक्ती सदन’. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारापलीकडे गेली. अंधांसाठी बार्तीमी सदन, पीडितांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, शिवाय शाळा, विणकाम, तेलघाणा, छापखाना असा विस्तार होत गेला. १९१२–१३ च्या सुमारास निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यासही मनोरमाबाईंच्या हाताखाली शैक्षणिक काम सुरू झाले.

आपला पूर्वीचा दुष्काळ त्यांना आता कसा दिसत होता? १९०७ मध्ये त्यांनी इंग्रजीत आपली धर्मसाक्ष प्रसिद्ध केली. तिच्या नावाचा अर्थच ‘आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष’ असा होतो. या लहानशा पुस्तकात दुःखाचा एकही तपशील गाळलेला नाही आणि गोडही केलेला नाही. आईबाप भुकेने मेले ही देवाची कृपा, असे त्या कुठेही म्हणत नाहीत. त्या स्थितीतून आपल्याला हाताला धरून आणणारा कोणी होता, एवढी ओळख त्यांना मागाहून पटली, आणि ती पटल्यावर त्याच स्थितीत सापडलेल्या दुसऱ्या मुलीचा हात धरणे हीच त्यांची उपकारस्तुती झाली. देवाची फेड होत नाही. त्यामुळे फेड करावयास निघालेले हात शेजाऱ्याकडे वळतात.

कृतज्ञ माणूस तक्रार करीत नाही, ही समजूतही रमाबाईंच्या चरित्रापुढे टिकत नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग-रुग्णालयांत व छावण्यांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात कडक शब्दांत लिहिले. सरकारने आरोप नाकारले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीही ते खोटे ठरविले. सरकार ख्रिस्ती राजवटीचे होते, रमाबाईंची संस्था त्याच राजवटीत उभी होती, आणि पुण्यातील बहुजनमत आधीच त्यांच्या विरुद्ध होते. अशा वेळी गप्प राहणे सोयीचे होते. त्या गप्प राहिल्या नाहीत.

या सर्वांवर गंभीर आक्षेप आहेत, आणि ते टाळून इतिहास लिहिता येत नाही. दुष्काळात अन्न देणाऱ्याच्या धर्माकडे भुकेलेली मुलगी वळली तर तिचे ते वळणे कितपत स्वेच्छेचे, असा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. साष्टीत १६१६ मध्ये जो प्रश्न होता, त्याचेच हे दुसरे रूप. केडगावात बळजबरी नव्हती. पण आश्रय आणि उपासना यांचे वातावरण एकच होते, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्या मिंधेपणाचे जू रमाबाईंनी स्वतः उतरविले, ते मुक्ती सदनातील एखाद्या मुलीच्या मानेवर नकळत बसले नसेलच असे कोणी सांगावे? मात्र एवढे खरे की, रमाबाईंनी त्या मुलींना अक्षर आणि हातची कला दिली. आणि ज्याच्या हाताला काम व डोळ्याला अक्षर आहे, त्याला मिंधे ठेवणे कठीण असते.

अखेरच्या वर्षांतील त्यांचे काम याची साक्ष देते. प्रचलित मराठी बायबलची भाषा खेड्यातील बायकांना समजत नाही, आणि त्यातील अनेक शब्द वेदान्ती अर्थाची छाया बरोबर आणतात, असे त्यांचे मत होते. म्हणून उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे नवे भाषांतर हाती घेतले. मुक्ती सदनातील स्त्रियांनीच खिळे जुळविले आणि छपाई केली. काम चालू असताना २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. जिच्या हाती संस्था सोपवावयाची ती एकुलती मुलगी गेली. रमाबाईंनी काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. एकेकाळी अन्नासाठी दारोदार फिरलेल्या मुलींनी स्वतःच्या हातांनी छापलेला हा ग्रंथ मराठी मुद्रणाच्या इतिहासात एकमेव ठरावा.

रमाबाईंच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा घर फुटले. काही वर्षांनी पतीपत्नी पुन्हा एकत्र आली आणि लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक वारले. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी दारिद्र्य, विरह, नवऱ्याचा लहरी स्वभाव यांपैकी काही झाकले नाही, आणि तरीही त्या पुस्तकात कडवटपणा नाही, हसू आहे. पतीने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरे केले. रमाबाईंची कृतज्ञता गंभीर व कष्टाळू, तर लक्ष्मीबाईंची खेळकर. परंतु दोघींनीही देवाचे उपकार मानण्यासाठी आपल्या आठवणीशी प्रतारणा केली नाही.

आपल्या वाङ्मयेतिहासांत या लेखनाची नोंद बहुधा ‘मिशनरी वाङ्मय’ या मथळ्याखाली होते आणि अध्यापकही ते मागच्या फळीवर ठेवून पुढे जातात. ‘स्मृतिचित्रे’ तेवढी या नियमाला अपवाद. वस्तुतः या ग्रंथांनी मराठीला एका जुन्या शब्दाचा नवा उपयोग शिकविला. उपकारात ओझे असते हे आपल्याला ठाऊकच होते. त्या ओझ्याचे काय करावे, हे या स्त्रियांनी जगून दाखविले. त्यांनी दुःखाला सुख म्हटले नाही, अन्यायाला देवाची इच्छा म्हटले नाही आणि दात्याला धनी मानले नाही. जे भोगले ते आणि जे मिळाले ते, दोन्ही त्यांनी सारख्याच खरेपणाने जाणले. ‘कृतज्ञ’ या शब्दाचा मूळ अर्थ याहून वेगळा नाही.